क्लोंडाइकची सोन्याची झुंबड : सारखे विचारले जाणारे प्रश्न

हा विषय काढला की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सिनेमात पाहून आपल्याला वाटतं की माणूस गेला, नदीत परात हलवली, सोनं चमकलं, संपलं. खरं म्हणजे तिथे गेलेल्या बहुतेकांचे दिवस ओझी वाहण्यात, लाकडं फोडण्यात, बीन्स शिजवण्यात आणि कुठल्या ना कुठल्या रांगेत उभं राहण्यात गेले. मला तोच भाग जास्त आवडतो, त्यामुळे उत्तरं तिकडेच वळतील, आधीच सांगतो.

क्लोंडाइक आहे कुठे? अलास्कात ना?

नाही, हा घोळ सगळेच करतात. क्लोंडाइक ही नदी कॅनडाच्या युकॉन भागात आहे, ती जिथे युकॉन नदीला मिळते तिथे डॉसन हे गाव वसलं. अलास्का अमेरिकेचा, तो वाटेत लागतो. म्हणजे बहुतेक लोक सिअ‍ॅटलहून जहाजाने अलास्काच्या किनाऱ्यावर उतरायचे आणि डोंगर ओलांडून कॅनडात शिरायचे.

सोनं पहिल्यांदा सापडलं कुणाला?

ऑगस्ट १८९६. जॉर्ज कारमॅक नावाचा गोरा माणूस, त्याची टॅगिश या तिथल्या आदिवासी जमातीतली बायको केट, तिचा भाऊ कीश म्हणजे ज्याला सगळे स्कूकम जिम म्हणायचे, आणि भाचा डॉसन चार्ली, असे नातेवाईकच होते सगळे. रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सापडलं, ज्याचं नाव लगेच बदलून बोनान्झा ठेवलं. आता नेमकं पहिलं कुणाच्या नजरेला पडलं यावर शेवटपर्यंत वाद, कारमॅक म्हणे मी, जिमची माणसं म्हणत जिम. पण शोधाचा क्लेम, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर सोनं खणायचा नोंदवलेला हक्क, कारमॅकच्या नावावर लागला, कारण आदिवासी माणसाच्या नावाने नोंद मानतील का हीच धास्ती होती.

आणि एक रॉबर्ट हेंडरसन होता, त्या भागात बघा असं कारमॅकला सुचवणारा. पण त्याने कारमॅकच्या मेहुण्या-भाच्याबद्दल काहीतरी वाकडं बोलून ठेवलेलं, म्हणून सोनं लागल्यावर त्याला कुणी सांगायला गेलंच नाही. हा डोंगराच्या पलीकडे खणत बसला आणि कळलं तेव्हा चांगल्या जागा गेलेल्या. जिभेला हाड नसलं की असं होतं.

सापडलं १८९६ ला, मग जग धावलं १८९७ ला, असं का?

कारण हिवाळा. नदी गोठली की बातमी बाहेर जायला मार्गच नाही. आसपासचे जे थोडे लोक होते त्यांनी सगळे चांगले ओढे वाटून घेतले. पुढच्या जुलैत एक्सेल्सियर जहाज सॅन फ्रान्सिस्कोला आणि १७ जुलैला पोर्टलँड सिअ‍ॅटलला लागलं, त्यातून दाढीवाली मळकट माणसं सोन्याने भरलेल्या पिशव्या, डबे, घोंगड्या ओढत उतरली आणि मग काय. अमेरिकेत १८९३ पासून मंदी होती, बँका बुडालेल्या, हाताला काम नाही, त्यात ही बातमी. दुकानदार, कारकून, पोलिस, सगळे निघाले, सिअ‍ॅटलचा महापौरसुद्धा राजीनामा देऊन निघाला.

सुमारे एक लाख लोक निघाले असं धरतात, पोचले तीस-चाळीस हजार. आणि यातले बहुतेक डॉसनला पोचले १८९८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे सोनं सापडून जवळजवळ दोन वर्षांनी. वरातीमागून घोडं.

प्रत्येकाला एक टन सामान न्यावं लागायचं हे खरं आहे?

खरं आहे. तिकडे उपासमार होऊ नये म्हणून कॅनडाच्या माउंटेड म्हणजे घोडेस्वार पोलिसांनी नियम केला की वर्षभराचा शिधा असल्याशिवाय हद्दीत पाऊल ठेवायचं नाही. शिध्यावर तंबू, शेगडी, करवत, कुऱ्हाडी, खिळे, कपडे असं सगळं धरलं की एक टनाच्या आसपास जायचं. याद्या वेगवेगळ्या होत्या, पण एका माणसामागे पीठ १८० किलोपर्यंत, बेकन ९० किलो, बीन्स ४५ किलो असे आकडे त्यात दिसतात. सुकवलेले सफरचंद, कॉफी, साखर, मीठ वेगळं. आपल्या घरात वर्षाचं धान्य भरतात ना, तसं, फक्त ते पाठीवर घेऊन बर्फाचा घाट चढायचा.

म्हणजे चिल्कूट पास. तो एकदा चढायचा की किती वेळा?

इथेच खरी गोम आहे. एका वेळी पंचवीस-तीस किलो उचललं तर एक टनाला तीस-चाळीस फेऱ्या होतात. थोडं सामान पुढच्या टप्प्यावर नेऊन टाकायचं, रिकाम्या हाताने मागे यायचं, पुन्हा उचलायचं. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या डायई गावापासून घाटापलीकडच्या बेनेट लेकपर्यंतची वाट फक्त ५३ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून खंडाळा-लोणावळ्याला जाऊन आल्याच्या निम्मी सुद्धा नाही, आणि त्याला माणशी सरासरी तीन महिने लागायचे.

शेवटचा चढ एवढा उभा की बर्फात पायऱ्या खोदल्या होत्या, दीड हजारांच्या आसपास. त्या खोदणारे चढणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, टोलनाका तिथेही होताच. एकामागे एक अशी मुंग्यांसारखी रांग, पुढच्याच्या टाचेकडे बघत पाऊल टाकायचं, दम लागला म्हणून बाजूला झालात तर रांगेत परत घुसायला तासन्‌तास. वर सामान ठेवलं की खाली मात्र मजेत, बसून घसरगुंडी करत मिनिटांत खाली, आणि खाली आल्यावर परत पहिल्या पायरीपासून सुरू. वर ठेवलेल्या ढिगावर रात्रीत बर्फ साचायचं म्हणून ढिगात काठी रोवून ठेवायचे, नाहीतर आपलं सामान कुठलं तेच सापडायचं नाही.

पैसेवाले लोक त्लिंगिट या तिथल्या आदिवासी जमातीचे हमाल लावायचे. ही वाट मुळात त्यांचीच, पिढ्यान्‌पिढ्या व्यापाराची, त्यामुळे त्यांना गिऱ्हाईकाची गरज बरोबर कळायची आणि दर वाढत जायचे. त्यातले बरेच जण ख्रिस्ती झालेले, ते रविवारी ओझं उचलायचे नाहीत, मग साहेब तसाच बसून.

३ एप्रिल १८९८ ला याच वाटेवर हिमकडा कोसळला, साठाच्या वर माणसं दबली.

घोडे का नाही नेले?

नेले, शेजारच्या व्हाइट पासने. त्याबद्दल फार लिहवत नाही. तीनेक हजार जनावरं त्या चिखलात आणि दगडांत मेली, वाटेचं नावच डेड हॉर्स ट्रेल पडलं. ज्यांनी आयुष्यात घोडा हाताळला नव्हता असे लोक म्हातारी जनावरं विकत घेऊन वाट्टेल तेवढं लादत होते.

घाट चढला म्हणजे आलं डॉसन?

छे, अजून आठशे किलोमीटर. ते पाण्यातून, आणि बोट तुम्हीच बांधायची.

१८९७-९८ चा हिवाळा हजारो लोकांनी बेनेट लेकच्या काठावर तंबूत काढला आणि झाडं तोडून फळ्या पाडल्या. फळी पाडायची पद्धत अशी की ओंडका उंच माचाणावर ठेवायचा, एक जण वर उभा, एक खाली, मधे लांब करवत. वरच्याने ओढायची, खालच्याने खेचायची. खालच्याच्या डोळ्यात दिवसभर भुसा, आणि त्याला पक्कं वाटतं की वरचा नुसता टेकून उभा आहे, वरच्याला वाटतं खालचा लटकलाय. जिवलग मित्र या करवतीपायी कायमचे तुटले. भांडून वेगळं होताना काही जणांनी बोट मधोमध कापली, पिठाची पोती वाटून न घेता प्रत्येक पोतं मधोमध चिरलं, म्हणजे पीठ दोघांचंही सांडलं, आणि तळायच्या तव्याचेसुद्धा दोन तुकडे केले असे किस्से आहेत. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरचं झाड वाटून घेतात त्यातलाच प्रकार.

२९ मे १८९८ ला बर्फ फुटलं आणि काही दिवसांत सात हजारांच्या वर बोटी निघाल्या. सॅम स्टील नावाच्या पोलिस अधिकाऱ्याने त्याआधीच प्रत्येक बोटीवर नंबर घालायला लावले आणि कोणत्या बोटीत कोण, घरच्यांचा पत्ता काय, हे लिहून घेतलं. व्हाइट हॉर्सच्या खळाळात पहिल्या काही दिवसांतच दीडशेच्या आसपास बोटी फुटल्या, माणसंही बुडाली, मग त्याने हुकूम काढला की बायका-पोरं काठाने चालत जातील आणि बोट जाणकार नावाडीच नेईल. कागदोपत्री काम म्हटलं की आपण कपाळाला हात लावतो, पण या माणसाच्या रजिस्टरने किती जीव वाचवले देव जाणे.

सोनं काढायचे कसं? परात हलवून?

परात फक्त बघण्यापुरती, म्हणजे इथे आहे का नाही हे कळायला. खरं सोनं जमिनीखाली, जुन्या नदीपात्राच्या खडकाला लागून, आणि वरची माती बारा महिने गोठलेली, दगडासारखी. कुदळ उसळते. म्हणून रात्री खड्ड्यात जाळ करायचा, सकाळी जेवढं वितळलं तेवढं, म्हणजे वीत-दोन वीत, उकरायचं, परत जाळ. असं करत खडकापर्यंत विहिरीसारखं खाली जायचं, मग खालून आडवा बोगदा. माती वर ओढायला रहाट, अगदी आपल्या विहिरीवर असतो तसा. खाली धूर, डोळे चुरचुरतात, वर रहाट फिरवणारा थंडीने काकडतो.

आणि गंमत बघा, हिवाळाभर काढलेल्या मातीत सोनं किती हे नक्की कळत नाहीच, कारण धुवायला पाणी नाही. सगळी माती ढीग घालून ठेवायची. वसंतात ओढे वाहू लागले की लाकडी पन्हळीतून ती माती सोडायची, तळाला आडव्या पट्ट्या, माती वाहून जाते, सोनं जड म्हणून पट्ट्यांमागे बसतं. ती त्यांची सुगी. सहा-सात महिने राबायचं आणि काही आठवड्यांत कळणार की लग्नाचा बार उडणार की रिकाम्या हाताने घरी जाणार.

क्लेमची मोजणी आधी अंदाजपंचे झालेली, मग विल्यम ओगिल्वी या सरकारी सर्व्हेअरने पुन्हा मोजलं तेव्हा मधेच उरलेले तुकडे निघायला लागले. डिक लो नावाच्या त्याच्या हाताखालच्या माणसाने असा ८६ फुटांचा एक तुकडा नाइलाजाने घेतला, विकायला काढला तर घ्यायला कोणी नाही. त्यातून पाच लाख डॉलरच्या आसपास सोनं निघालं.

राहायचे कुठे आणि खायचे काय?

ओंडक्यांची एका खोलीची झोपडी, फटीत शेवाळ कोंबलेलं, छपरावर माती. काच मिळत नाही म्हणून रिकाम्या बाटल्या एकाला एक उभ्या लावून खिडकी करायचे. आत दोघं-तिघं, ओले मोजे शेगडीवर वाळताहेत, आंघोळीचं नाव नाही, डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम चार तास. वासाची कल्पना तुम्हीच करा.

खाण्यात बीन्स पाचवीला पुजलेल्या. सकाळी बीन्स, रात्री बीन्स, चेष्टेने त्यांना अलास्काच्या स्ट्रॉबेरी म्हणायचे. सोबत बेकन आणि सावरडो म्हणजे आंबवलेल्या पिठाचे पाव नाहीतर पॅनकेक. हे आपल्याला पटकन कळेल, आंबोळीचं पीठ थोडं मागे ठेवून पुढच्या वेळी त्यात मिसळतो तसंच. फक्त तिथे ते गोठून मरू नये म्हणून रात्री अंथरुणात घेऊन झोपायचे, प्रवासात अंगाशी बांधून ठेवायचे. यावरून मुरलेल्या माणसालाच सावरडो म्हणायला लागले, अट एकच, नदी गोठताना आणि फुटताना अशा दोन्ही वेळा तिथे हजर असलेला पाहिजे. नवखा तो चीचाको.

थंडी किती असायची?

उणे चाळीस-पन्नास सहज. पाराच उणे ३९ ला गोठतो, मग थर्मामीटर काय कामाचं? जॅक मक्वेस्टन या जुन्या दुकानदाराने त्यावर अक्कल लढवली, बाहेर बाटल्यांची ओळ ठेवायची, पारा, रॉकेल, आल्याचा अर्क, आणि एक पेनकिलर औषध. पारा गोठला तर प्रवासाला निघालात तरी चालेल पण जपून, आणि पेनकिलर गोठलं तर चुलीपासून हलायचं नाही. मला हा सगळ्या क्लोंडाइकमधला सगळ्यात हुशार शोध वाटतो.

उन्हाळ्याचं म्हणाल तर रात्र जवळजवळ होतच नाही आणि डास एवढे की लोकांना हिवाळा आठवायचा.

व्यवहार कशात चालायचा?

सोन्याच्या चुऱ्यात. प्रत्येकाकडे चामड्याची चंची, प्रत्येक दुकानात तराजू. एका औंसाला, म्हणजे जुन्या हिशोबाने पावणेतीन तोळ्यांच्या थोडं आत, दुकानात १६ डॉलर धरायचे, जरी शुद्ध सोन्याचा सरकारी भाव वीसच्या वर होता. गिऱ्हाईक चंची काउंटरवर टाकून पाठ फिरवून उभं राहायचं, वजनाकडे बघणं म्हणजे विश्वास नाही असं दाखवणं. आणि विश्वास कसला, तोलणारे नखं वाढवायचे, केसांना चिकट काहीतरी लावून बोटं सारखी केसांतून फिरवायचे आणि रात्री डोकं धुऊन ते पाणी गाळायचे असं सांगतात. दारूच्या गुत्त्यातला जमिनीवरचा भुसा धुऊनसुद्धा सोनं निघायचं. हसू नका, झवेरी बाजारातली धूळ झाडून नेणारे झारेकरी आपल्याकडेही आहेतच की.

महागाई?

अफाट. मजुराला दिवसाला १५ डॉलर मिळायचे, जेव्हा खाली अमेरिकेत दीड-दोन मिळत, पण सुरुवातीला एकेक अंडं डॉलरला असेल तर उरणार काय. स्विफ्टवॉटर बिल गेट्स नावाचा एक उधळ्या होता (तो बिल गेट्स नव्हे!), रुसलेल्या मैत्रिणीला अंडी आवडतात म्हणून त्याने गावातली सगळी अंडी विकत घेतली अशी कथा आहे. कोणी होडीभर मांजरं आणली, लोक हसले, पण एकटेपणाने आणि उंदरांनी पिडलेल्या झोपड्यांत ती मांजरं औंसभर सोन्याला एक अशी हातोहात खपली.

पेपरचंही तसंच. एकाने बेकनच्या तुपकटाने माखलेला जुना पेपर पन्नास डॉलरला घेतला आणि हॉलमध्ये तिकीट लावून मोठ्याने वाचून दाखवला, गर्दी झाली म्हणे. पोस्टाची रांग तर दिवसेंदिवस, त्यात दुसऱ्यासाठी उभं राहायचे पैसे घेणारेही होते.

बायका होत्या का, की फक्त नाचणाऱ्या?

हा प्रश्न असाच विचारला जातो आणि दरवेळी जरा राग येतो. नाचणाऱ्या होत्या, डॉलरला एक नाच, आणि तेही मेहनतीचंच काम, पहाटेपर्यंत बूट घातलेल्या खाणवाल्यांचे पाय पायावर घ्यायचे. पण धोबीण, खानावळवाली, परिचारिका, शिक्षिका, नवऱ्याबरोबर रहाट ओढणारी, सगळ्या होत्या.

बेलिंडा मलरूनी घ्या. आयर्लंडमध्ये जन्मलेली, १८९७ ला आली ती कापड आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन. सोनं शोधायला नाही, विकायला. पोचल्यावर खिशातलं शेवटचं अर्ध्या डॉलरचं नाणं तिने युकॉन नदीत फेकून दिलं, म्हणाली आता सुटे लागणार नाहीत. माल भरमसाट नफ्याने गेला. मग खाणवाल्यांना गावात यायला लांब पडतं हे ओळखून थेट ओढ्यांच्या संगमावर खानावळ काढली, आणि १८९८ ला डॉसनमध्ये फेअरव्ह्यू हॉटेल. एकदा फुटलेल्या बोटीचा माल तिने आणि क्लोंडाइकचा राजा म्हणवणाऱ्या अ‍ॅलेक्स मॅक्डोनल्डने भागीत सोडवला, त्याच्या माणसाने खायचं सगळं आधी उचललं आणि हिच्या वाट्याला गमबूट टाकले. ही गप्प बसली. वसंतात माती धुवायची वेळ आली, पाण्यात उभं राहायला मॅक्डोनल्डच्या माणसांना बूट हवेत आणि बूट फक्त हिच्याकडे, तेव्हा जोडी शंभर डॉलरला लावली असं सांगतात.

आणि मार्था ब्लॅक. १८९८ ला पोटुशी असताना चिल्कूट चढली, नवरा आधीच दुसरीकडे निघून गेलेला, पुढच्या जानेवारीत झोपडीत बाळंत झाली. १९३५ ला, वयाच्या सत्तरीच्या उंबऱ्यावर, कॅनडाच्या संसदेत निवडून आली, तिथे पोचलेली ती दुसरी बाई.

खून-मारामाऱ्या खूप होत असतील?

डॉसनमध्ये नाही, अलास्कातल्या स्कॅग्वेला होत्या. तिथे सोपी स्मिथ या ठगाचं राज्य होतं, त्याने तार ऑफिस काढलं, पाच डॉलरला तार. तार जायची कुठे? कुठेच नाही, वायर थोडी पुढे जाऊन संपायची, स्कॅग्वेला खरी तार यायला १९०१ उजाडलं. तरी लोकांना घरून उत्तरं यायची, वर पैसे पाठवा अशी! ८ जुलै १८९८ ला धक्क्यावरच्या चकमकीत तो मेला.

डॉसनला माउंटेड पोलिसांचा वचक. शनिवारी मध्यरात्री नाचघरं बंद ती सोमवारी उघडणार, रविवारी स्वतःची लाकडं फोडली तरी दंड. आणि शिक्षा काय, तर पोलिसांच्या चुलीसाठी लाकडं फोडा.

आजारपण?

हिवाळ्यात स्कर्व्ही, हिरड्या सुजून दात हलायचे, कारण भाजी-फळ नाही. १८९८ च्या उन्हाळ्यात टायफॉइड, कारण दलदलीवर वसलेलं गाव आणि सांडपाणी सगळं उघड्यावर. फादर विल्यम जज या जेझुइट पाद्र्याने दवाखाना चालवला, तिथे पैसे आणि धर्म न विचारता घ्यायचे, स्वतः मात्र जानेवारी १८९९ ला न्यूमोनियाने गेला.

आगी वेगळ्याच. एप्रिल १८९९ च्या आगीत शंभरावर इमारती गेल्या, नळीतलं पाणी तिथल्या तिथे गोठलं.

तिथे आधीपासून राहणाऱ्यांचं काय झालं?

क्लोंडाइक हे नावच ट्रॉन्डेक या शब्दाचा अपभ्रंश, अर्थ साधारण हातोड्याचं पाणी, कारण सॅमन माशांसाठी बंधारा घालायला तिथे दगडी हातोड्याने खुंट ठोकायचे. त्या ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांची मासेमारीची जागा झुंबडीने गेली, रान तुटलं, शिकार पळाली, आजार आले. चीफ आयझॅक लोकांना घेऊन नदीने खाली मूसहाइडला गेला. आणि त्याने एक गोष्ट केली जी वाचून मी थांबलोच होतो, आपली गाणी आणि नाच अलास्कातल्या नातेवाइकांकडे ठेवायला दिले, ही बाहेरून आलेली माणसं ती इथे टिकू देणार नाहीत म्हणून. दागिने ठेवायला देतात तसे. बऱ्याच वर्षांनी ती गाणी परत आली.

केटला कारमॅकने १९०० च्या सुमारास सोडलं, तिच्या हाती काही लागलं नाही. जिम मात्र १९१६ ला जाताना आपल्या लोकांसाठी पैसे ठेवून गेला.

शेवटी श्रीमंत किती झाले?

सोनं हाती लागलेले चारेक हजार, खरे श्रीमंत काही शेकडा, त्यातलेही बरेच उधळून मोकळे. उशिरा पोचलेल्यांना मातीच मिळाली नाही, ते दुसऱ्याच्या क्लेमवर मजुरी करत बसले किंवा सामान विकून परत फिरले. १८९९ च्या उन्हाळ्यात अलास्कातल्या नोमच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत सोनं आहे अशी बातमी आली आणि ऑगस्टात एका आठवड्यात आठ हजार लोक डॉसन सोडून गेले. संपलं.

आपल्याकडे कोलारला अशी झुंबड का नाही उडाली?

कारण तिथलं सोनं खडकाच्या आत, शिरेत. परात आणि फावडं घेऊन एकटा माणूस काय करणार? १८८० च्या दशकापासून ब्रिटिश कंपनीने यंत्रं लावून खोल खाण नेली, माणसं पगारी मजूर. क्लोंडाइकचं सोनं नदीने आधीच फोडून मातीत पसरून ठेवलेलं, म्हणून कारकुनालाही वाटलं मला जमेल.

अजून मिळतं का तिथे?

मिळतं, लहान-मोठे खाणवाले दर उन्हाळ्यात त्याच ओढ्यांवर आता जेसीबीसारखी मशीन लावून खणतात, आणि गोठलेली माती उकरताना भलतंच काही वर येतं. जून २०२२ मध्ये एका खाणीवर मॅमथचं पिल्लू निघालं, तीस हजार वर्षांहून जुनं, कातडी, सोंड, पायाची नखं सगळं शाबूत. ट्रॉन्डेक ह्वेचिन वडीलधाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं नन चो गा, त्यांच्या भाषेत मोठ्या जनावराचं बाळ.